अक्काच्या पापडीला फूल आलं

अक्का,

तुझ्या ओसरीवर बसून लिहिते आहे. धुळ्यात आज आभाळ आहे, पाऊस नाही. शेजारच्या भिकनभाऊंनी सकाळीच शेडनेटची एक बाजू वर बांधून दिली, म्हणाले, "हवा खेळू द्या, ताई." मी धुळ्यात आले की ते मला ताई म्हणतात आणि तुझ्याबद्दल बोलताना अजून "अक्का म्हणतात" असंच बोलतात, "अक्का म्हणायच्या" असं नाही. मी त्यांना दुरुस्त करत नाही.

तू गेलीस त्याला आता तीन महिने होतील. लोक भेटायला आले ते सगळे तुझ्या नोकरीबद्दल बोलले. बाळंतपणाच्या वॉर्डातली तुझी वर्षं, तुझ्या हातावर जन्मलेली मुलं, त्या मुलांची आता झालेली मुलं. ते सगळं खरंच आहे. पण मला तुझ्याशी बोलायचंय ते त्या पापडीच्या झाडाबद्दल. आपलं भांडण अर्धंच राहिलंय.

सुरुवात माझ्या घरी जळगावला झाली. मृणाल दिवाळीला एडिंबरोहून आली होती. तिच्या घरमालकिणीच्या बागेतल्या वाळलेल्या काड्यांचा एक जुडगा तिने कपड्यांच्या मधे घालून आणला होता. मातकट रंगाच्या चपट्या शेंगा, रुपयापेक्षा थोड्या मोठ्या, दिसायला अगदी कचरा. मी त्या फ्लॉवरपॉटमध्ये ठेवल्या, लेकीने एवढ्या लांबून आणल्या म्हणून. दाजी जाऊन तेव्हा दुसरं वर्ष चालू होतं. तुला आम्ही भाऊबीजेला आग्रह करकरून आणलं होतं आणि तू सोफ्याच्या कडेला बसून होतीस.

ती दोन वर्षं तू कशी काढलीस ते मी पाहिलं होतं. धुळ्याला आले की टीव्ही चालू असायचा, आवाज बंद. चहा दिला तर प्यायचीस, नाही दिला तर मागायची नाहीस. ज्या बाईने आयुष्यभर दहा जणींना एकाच वेळी दटावलं, ती बाई "तुला काय हवं ते कर" असं म्हणायला लागली होती. मी यांना म्हणायचे, अक्काला इकडेच घेऊन येऊ. तू म्हणायचीस, "कसाले?" त्या एका शब्दापुढे माझं काही चालायचं नाही.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर तुझ्या मांडीवर एक शेंग, आणि तू अंगठ्यात आणि बोटात धरून ती हलकेच चोळत होतीस. वरचं मातकट साल सुटून आलं. मग मागचंही आलं. मधे राहिला एक पातळ, चमकणारा पडदा, चांदीसारखा, उजेडाकडे धरला तर पलीकडचं दिसेल असा.

"हाई काय शे वं?" तू विचारलंस.

मी म्हटलं, "अगं शोभेच्या आहेत त्या. मोडू नकोस."

"मोडत नहीं. साल काढस." आणि तू दुसरी घेतलीस. "पापडी शे ही. नागलीची पापडी कशी दिसस उनमा, तशी."

तुझ्या पदरात चपट्या तपकिरी बिया पडल्या होत्या. तू त्या वेचून तळहातावर घेतल्यास. मृणाल तुझ्या शेजारी येऊन बसली आणि सांगायला लागली की याला तिकडे ऑनेस्टी म्हणतात, ऑनेस्टी म्हणजे प्रामाणिकपणा. पहिल्या वर्षी नुसती पानं येतात, मग एक हिवाळा जावा लागतो, दुसऱ्या वर्षी जांभळी फुलं, मग या शेंगा, आणि मग झाड मरून जातं.

तू विचारलंस, "आपल्याकडे येईल?"

मृणाल हसली. "मावशी, तिकडे बर्फ पडतो."

पण निघताना तुझ्या रुमालाच्या गाठीत त्या बिया होत्या. आणि बसमधून फोन केलास, पारोळ्याच्या जवळून, की ती माती कशी असते तिकडची, विचार तिला. कितीतरी दिवसांनी तू आपणहून फोन केला होतास.

तू लगेच पेरलंस. पांझरेच्या पात्रातली वाळू आणवलीस, काळ्या मातीत मिसळलीस, पलीकडच्या कोकिळाबाईंच्या गोठ्यातलं कुजलेलं शेणखत चाळणीने चाळून घेतलंस. कोकिळाबाईंनी मला नंतर सांगितलं की चाळणी पिठाची होती. रोपं आली. बदामाच्या आकाराची, कडेला करवतीसारखे दात असलेली, हाताला थोडी खरखरीत पानं. थंडीभर ती छान वाढली. मी संक्रांतीला आले तेव्हा तू मला दारातूनच धरून मागच्या अंगणात नेलंस, पाणीसुद्धा विचारलं नाहीस. मला राग आला नाही. मी बसमध्ये परत जाताना रडले, ते सुख झालं म्हणून.

आणि मग उन्हाळा आला. खानदेशचा उन्हाळा तुला मी काय सांगू. तू गोणपाटं ओली करून टांगलीस, दुपारी उठून पाणी शिंपडलंस, कुंड्या ओसरीत, मग मोरीत, मग देवघरात नेल्यास. वैशाखात एक एक करून सगळी गेली. पानं कागदासारखी झाली.

मी फोनवर म्हटलं, "अक्का, सोड आता. आपली माती नाही ती, आपली हवा नाही. इथे शेवंती लाव, झेंडू लाव, काय वाटेल ते येईल."

तू म्हणालीस, "मरी गयं ते मरी गयं. दुसरं पेरसूत."

आपलं भांडण इथून सुरू झालं. मी दर वेळी म्हणायचे नको, आणि तू दर वेळी म्हणायचीस, तुले काय समजस. तुला वाटायचं की मला ते झाड आवडत नाही, किंवा मला या असल्या गोष्टींचा कंटाळा आहे. खरं कारण मी कधी सांगितलं नाही, अक्का. मला ती रोपं मेल्याचं काहीच नव्हतं. मला भीती होती की एक दिवस शेवटचं रोप मरेल आणि तू पुन्हा त्या टीव्हीसमोर जाऊन बसशील. म्हणून मला वाटायचं की तू त्यात जीवच गुंतवू नये. शेवंतीत गुंतवावा. शेवंती दगा देत नाही.

हे तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, ते आता मला चांगलं कळतं. तू ज्या वॉर्डात काम केलंस तिथे सगळीच बाळं जगत नव्हती. तू कधी घरी येऊन त्याबद्दल बोलली नाहीस. फक्त एकदा, मी कॉलेजात असताना, मी विचारलं होतं, अक्का, असं झालं की तू काय करतेस. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "हात धुवायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचं. तिथली बाई ओरडतच असते." मला तेव्हा ते कोरडं वाटलं होतं.

दुसऱ्या खेपेला तू शहाणी झाली होतीस. श्रावणातच पेरलंस, म्हणजे थंडीपर्यंत रोप भरदार होईल. मृणालशी तुझं बोलणं आता माझ्यापेक्षा जास्त व्हायला लागलं होतं. तिने सांगितलं, मावशी, त्याला नुसती रात्रीची थंडी नाही पुरायची, सलग दोन-अडीच महिने गारठा लागतो, नाहीतर त्याला कळतच नाही की हिवाळा येऊन गेला. धुळ्याची थंडी कितीही झोंबली तरी दुपारी ऊन असतंच. मग तुला यांच्या केळीच्या धंद्याची आठवण झाली.

केळी पिकवायच्या चेंबरची कल्पना तुझीच होती, हे मी सगळ्यांना सांगत असते. मार्गशीर्षात तू भिकनभाऊंच्या टेम्पोतून कुंड्या घेऊन जळगावला हजर. यांना म्हणालीस, "दिनकरराव, तुमच्या गार खोलीत एक कोपरा द्या."

हे बिचारे तुला नाही म्हणू शकले नाहीत. एवढंच म्हणाले, "अक्का, तिथे गॅस सोडतो आम्ही, केळी पिकायला."

"केळीले चालस ना? मग याले काय व्हस?"

आठवडाभरात सगळी पानं पिवळी पडून गळाली. केळी मात्र छान पिकली. तू चेंबरच्या दारात उभी राहून त्या बोडक्या कुंड्यांकडे बघत होतीस, हे तुझ्या मागे मान खाली घालून, आणि मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता. आता ही बसणार.

तू वळलीस आणि हसायला लागलीस. पदराने डोळे पुसेपर्यंत हसलीस. "दिनकरराव, तुम्ही झाडबी पिकाडी टाकं," म्हणालीस. यांनाही मग हसू आवरेना. त्या संध्याकाळी तू आमच्याकडे वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी पोटभर जेवलीस आणि माझ्या भरितात मिरची कमी पडली असं सांगितलंस. दाजी गेल्यापासून तू माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली नव्हतीस. मी आत जाऊन देवाला हात जोडले.

त्याच मुक्कामात मी पुन्हा विषय काढला. म्हटलं, राहाच आता इथे. तुझ्या कुंड्यांना गच्ची आहे, तुला माणसं आहेत. तू म्हणालीस, "तूच ये ना तठे, धुळ्याला. थंडी जास्ती शे." यावर मी चिडले. तू मला कधी सरळ उत्तर दिलं नाहीस. आपण दोघी रागावून झोपलो आणि सकाळी तू माझ्या आधी उठून चहा केलास.

तिसऱ्या वर्षी भिकनभाऊंनी त्यांचं कोल्ड्रिंकचं दुकान बंद केलं. गुडघे चालेनात, मुलगा सुरतला. दुकानातला काचेच्या दाराचा उभा फ्रिज विकायला काढला होता, तू तो विकू दिला नाहीस. ओसरीवर आणून ठेवलास. आत बाटल्यांच्या जाळीवर कुंड्या, वर ट्यूबलाइट चालू. मी कार्तिकात आले तेव्हा रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघत होती. एकाने विचारलं, "अक्का, भाजी विकायला ठेवली का?"

तू म्हणालीस, "हां. दोन वर्षांनी ये घ्यायले."

मी त्यावरही बोलले. विजेचं काय, लाइट गेली तर काय, तुझं ब्लडप्रेशर काय, रोज सकाळी एवढं वाकायचं काय. तू ऐकून घेतलंस आणि मला फ्रिजचं दार कसं उघडायचं ते शिकवलंस. हळू, एका हाताने धरून, कारण त्याचं रबर सुटलं होतं. सकाळी थोडा वेळ दार उघडं ठेवायचं, पानांना हवा. माती बोटाने बघायची, ओली असेल तर पाणी नाही. "गारठ्यामा तहान कमी लागस," तू म्हणालीस. पौष सरेपर्यंत ती रोपं तिथे होती. वाढली नाहीत, मेलीही नाहीत. गप्प होती.

मग तू त्यांना बाहेर काढून सावलीत ठेवलंस. आणि माघ संपता संपता एका दुपारी तुझा फोन आला. मी म्हटलं, हॅलो. तू काहीच बोलली नाहीस. मी घाबरले. मग तू म्हणालीस, "फूल उनं वं, शोभी."

मी मिळेल ती बस पकडली. तू फाटकातच उभी होतीस. कुंडीतून गुडघ्याएवढा दांडा वर आला होता आणि त्याच्या टोकाला चार पाकळ्यांची जांभळी फुलं, लहानशीच. दुसऱ्या कुंडीतही होती, तिसरीतही कळ्या. कोकिळाबाई म्हणाल्या, "एवढ्याशा फुलासाठी एवढं?" आणि तू म्हणालीस, "बाळबी एवढंसंच असतं." कोकिळाबाईंच्या दोन्ही मुली तुझ्याच हातावर झालेल्या.

आपण दोघी तिथे खुर्च्या टाकून बसलो. मधमाश्या आल्या होत्या. आपल्याकडच्या, बाभळीवर येतात त्याच. त्या फुलावर अशा बसत होत्या जसं काही ते कायमचंच इथलं आहे. तू जिंकली होतीस. मी ते तोंडाने म्हटलं नाही, तूही माझ्याकडून वदवून घेतलं नाहीस. तू फक्त म्हणालीस, "आता शेंगा धरतात का ते बघू." तुझं लक्ष आधीच पुढे गेलं होतं.

शेंगा धरल्या. हिरव्या, चपट्या, आत बियांचे ठिपके दिसतील अशा. तू त्या मला व्हिडिओवर दाखवल्यास, मोबाइल इतका जवळ धरून की मला नुसतं हिरवं दिसत होतं.

चैत्रात, पाणी घालून झाल्यावर, तू कोकिळाबाईंना हाक मारलीस. छातीत दुखतंय म्हणालीस आणि कोणती गोळी कुठल्या डब्यात आहे तेही तूच सांगितलंस. भिकनभाऊंनी रिक्षा आणली. तू रिक्षात स्वतः चढलीस. दवाखान्यापर्यंत तू पोचली नाहीस. जास्त त्रास झाला नाही, असं सगळ्यांनी मला सांगितलं. तू स्वतः किती घरांत हे वाक्य सांगितलं असशील, म्हणून मी ते ऐकून घेतलं.

त्या दिवसांत माझं कशाकडेच लक्ष नव्हतं. मागच्या अंगणात मंडप घातला, लोकांनी खुर्च्या मांडल्या, कुणीतरी कुंड्या उचलून भिंतीकडे उन्हात सारल्या. मला त्या आठवल्या तेव्हा बरेच दिवस गेले होते. मी धावतच मागे गेले. कुंड्या पुन्हा सावलीत होत्या, माती ओली होती. कोकिळाबाई नळाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी रोज घालते आहे. तुम्हाला कुठे सांगायचं अशा वेळी." मी त्यांच्या गळ्यात पडले. अक्का, तू गेल्यानंतर मी खरी रडले ती तेव्हा.

दहाव्याला पांझरेच्या काठी पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरतोय तोच कावळा येऊन शिवला. आपला भाऊ आबा, कावळा शिवावा म्हणून तुला काहीतरी वचन द्यायला उभा राहिला होता, त्याचं तोंड उघडंच राहिलं. तुला घाई होती. कुणाकडून काही वदवून घ्यायची सवय तुला शेवटपर्यंत लागली नाही.

तेरावं झालं आणि आबाने घराचा विषय काढला. त्याचं चूक नव्हतं. तो चाळीसगावला, मी जळगावला, तुला मूलबाळ नाही. तो म्हणाला, "बंद घर किती दिवस ठेवायचं? वाळवी लागते. गिऱ्हाईक आहे, बघू या."

मी म्हटलं, "शेंगा पिकू दे आधी."

"पिकतील की महिन्याभरात."

"मग पेरायचंय. मग फूल यायला पुढलं वर्ष उजाडेल."

तो म्हणाला, "शोभे, फुलासाठी घर ठेवायचं?"

मी म्हटलं, "हो." दुसरं काही कारण मला सुचलं नाही, आणि हे कारण मला पुरेसं वाटलं. तो रागावून उठला, अंगणात गेला. बराच वेळ तिकडेच होता.

मी राहिले, अक्का. यांनी फोनवर फक्त एकदा विचारलं, कधी येतेस, आणि मग म्हणाले, राहा, इथे जेवणाचं बघतो मी. वैशाखात शेंगा मातकट झाल्या. सगळ्या भरल्या नव्हत्या. काही फोल निघाल्या, उन्हाने काही अर्ध्यातच सुकल्या. पण ज्या भरल्या त्या भरल्या. मी तू बसायचीस तिथे बसून चोळल्या. साल सुटायचं, बी पडायचं, मधे पडदा राहायचा. मृणाल व्हिडिओवर होती. ती म्हणाली, "आई, या शेंगा धुळ्यात जन्मलेल्या आहेत."

ज्या दिवशी आबा पुन्हा आला, त्या दिवशी मी बिया वाटून ठेवत होते. कोकिळाबाईंना, तुझ्या वॉर्डातल्या दोघी सिस्टर मागून गेल्या होत्या त्यांना, जळगावला गच्चीसाठी. तो बाजूला बसला. एक शेंग उचलून त्याने साल काढायचा प्रयत्न केला, पडदाच फाटला. दुसरी घेतली. तीही फाटली. तिसरी नीट निघाली. मग म्हणाला, "चाळीसगावला थंडी बरी असते नाही?"

मी एका कागदात बिया बांधून दिल्या. ज्या माणसाने घरच्या तुळशीला कधी पाणी घातलं नाही, त्याने त्या शर्टाच्या खिशात ठेवल्या आणि खिशाला बटण लावलं.

आषाढ लागला तसं मी पेरलं. तुझ्यासारखीच माती केली, चाळणी मात्र वाळूची घेतली. ऊन उतरलंय, पण उकाडा आहे, म्हणून मला धाकधूक होती. काही बिया कुजल्या. बाकीच्यांनी परवा डोकं वर काढलं. तुझी दोन वर्षं फुकट गेली असं मला वाटायचं, पण कुठे माती फार ओली, कुठे सावली कमी, हे मला विचारावं लागत नाही, मी ते तुझ्याशी भांडताना शिकले.

आज सकाळी आबाचा फोन आला. पहिल्यांदा नुसता श्वास ऐकू आला, मग म्हणाला, "उगवली गं. दोन-दोन पानं आहेत. आता काय करू?"

"काही करू नकोस. सावलीत ठेव. माती बोटाने बघ."

"बघितली." आणि पुढे म्हणाला, "त्या गिऱ्हाइकाला मी नको म्हणून सांगितलं. वाळवीचं औषध मारून घेऊ या पावसाळ्यानंतर. तुझी वहिनी म्हणते, दिवाळीला सगळेच धुळ्याला जमू. अक्काच्या घरी."

मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर उठून पुढचं दार उघडलं, मग मागचं उघडलं, मग खिडक्या. कोकिळाबाईंनी विचारलं, कोण येतंय? मी म्हटलं, सगळेच. घर जुनं आहे, अक्का, झाडायला बराच वेळ लागेल. मी सुरुवात केली आहे.